छाटलेला पाला कुठे टाकता?



आगोटीचे दिवस जवळ आले की खानवेल, रांधा, दपाडा, नरोली, कुठेही जा, कोयत्याचा आवाज कानी पडतो. घर शाकारणे, कौले चाळणे, बांध घालणे ही कामे चाललेली असतात आणि त्यांच्या जोडीने वाढलेले कुंपणही छाटले जाते. एकदा पाऊस सुरू झाला की ते फोफावणार, म्हणून आताच आवरलेले बरे. काम चांगले आहे. प्रश्न एवढाच की छाटलेला पाला जातो कुठे? बहुतेक घरी तो अंगणाच्या कडेला ढीग होऊन पडतो. शेजारीच बकरी बांधलेली असते. किंवा घरातले एखादे पोर हौसेने त्यातला हिरवा भारा उचलून वासरापुढे टाकते. चैत्र-वैशाखात हिरवे पान दृष्टीस पडत नाही, तेव्हा वासरू ते आवडीने खाते. दुसऱ्या दिवशी सकाळी वासरू उठत नाही. मग साप चावला असेल, कुणाची नजर लागली असेल, असे म्हणून आपण मोकळे होतो.

आपल्या वाडवडिलांनी कुंपणासाठी जी झाडे निवडली, ती विचार करून निवडली होती. कण्हेर, मोगली एरंड, शेर, रुई ही झाडे गुरे खात नाहीत, म्हणूनच ती कुंपणाला चालतात. आणि गुरे ती का खात नाहीत? कारण ती कडू आहेत, चिकाची आहेत आणि विषारी आहेत. उभे कुंपण सहसा कुणाला मारीत नाही. चरणारी गाय नाक लावते, एखादे पान तोंडात घेते आणि टाकून देते. पण तेच पान छाटून दोन दिवस उन्हात पडले की त्याचा कडवटपणा कमी होतो. विष मात्र तसेच राहते. गवतात मिसळून गव्हाणीत आले तर जनावराला ते वेगळे काढता येत नाही. त्यातून जनावर दावणीला बांधलेले असेल, भुकेले असेल, तर समोर येईल ते खाण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. लांबच्या बाजारातून नवीन आणलेल्या जनावराला आपल्याकडची झाडे माहीत नसतात. करडे, वासरे आणि कुत्र्याची पिल्ले यांना तर प्रत्येक गोष्ट तोंडात घालून पाहायची असते.

थोडक्यात, विष झाडात असले तरी ते जनावराच्या पोटात बहुधा आपल्याच हाताने जाते. म्हणून सगळी झाडे उपटून टाका, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. कोणते झाड काय करते आणि कापताना, टाकताना, साठवताना काय सांभाळावे, एवढेच पाहू.

कण्हेर

पहिला मान कण्हेरीला द्यावा लागेल. गुजरातीत तिला करेण म्हणतात. पांढरी, गुलाबी, तांबडी, कुठल्याही रंगाची असो, मूळ, साल, पान, फूल, बी, सर्व विषारी. सुकलेले पानही तितकेच घातक. हे विष हृदयावर चालते. ठोके मंद होतात, मध्येच चुकतात, आणि शेवटी हृदय थांबते. जनावरांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत मोठ्या गुरासाठी दर किलो वजनामागे सुमारे ५० मिलीग्रॅम सुकी पाने घातक सांगितली आहेत. हिशेब करून पाहा. ३०० किलोच्या गाईला १५ ग्रॅम सुकी पाने पुरतात. एका मुठीत मावतील एवढी!

लक्षणे अशी: जनावर खाणे सोडते, लाळ गाळते, पोट दुखल्यासारखे पाय आपटते, पातळ व कधी रक्तमिश्रित शेण टाकते, कान व पाय थंड पडतात. पुष्कळदा एवढेही दिसत नाही. रात्री धडधाकट बांधलेले जनावर पहाटे मेलेले सापडते.

२०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळात या झाडाची बरीच चर्चा झाली. तिकडे त्याला अरळी म्हणतात. आलप्पुळा जिल्ह्यातील एका तरुणीचा मृत्यू अरळीचे पान-फूल चघळल्याने झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. त्याच सुमारास पत्तनमतिट्टा जिल्ह्यात अरळीचा पाला खाऊन एक गाय आणि तिचे वासरू दगावल्याची बातमी आली. मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी आपल्या देवळांतील नैवेद्य-प्रसादात अरळीचे फूल वापरणे बंद केले. तिकडच्या अंगणांत अरळी काही त्या वर्षी नव्याने आली नव्हती. आपल्या अंगणांतही ती पिढ्यान् पिढ्या आहे.

आपल्यालाही यातून घेण्यासारखे आहे. क्रुसाला, वेदीला आपण फुले वाहतो, २ नोव्हेंबरला कबरींवर हार घालतो. त्यांत कण्हेर असतेच असते. फुले वाहण्यात काही वावगे नाही. पण दुसऱ्या दिवशी ती सुकलेली फुले आणि हार कुंपणाबाहेर भिरकावले जातात, आणि तिथे कुणाच्या तरी बकऱ्या फिरत असतात. त्यासाठी एक खड्डा करून ठेवला तर काय मोठे काम आहे? तसेच कण्हेर विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाशेजारी लावू नये. हौदात पाने-फुले पडून कुजली तर ते पाणीही पिण्याजोगे राहत नाही. कण्हेरीची काडी दातवणाला, भाकरी परतायला किंवा मासे भाजायला वापरू नये. सुकलेल्या फांद्या चुलीत घालू नयेत, कारण तिचा धूरसुद्धा बाधतो.

पिवळ्या फुलांची कण्हेर, जिच्या फळाला बिट्टी म्हणतात, ती वेगळ्या जातीची असली तरी तिचे विष त्याच कुळातले आहे. बिट्ट्यांनी खेळणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. कठीण कवचाच्या आतली बी सर्वांत वाईट. मुलांच्या हातून त्या काढून घ्या आणि पिल्लू चावत बसेल अशा जागी पडू देऊ नका.

घाणेरी

घाणेरी किंवा टणटणी हे मूळचे अमेरिका खंडातले झुडूप. १९ व्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी म्हणून ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणले गेले आणि तेथून सगळ्या देशभर पसरले. आज आपल्या जंगलाच्या कडेला, पडीक माळावर, रस्त्याच्या दुतर्फा तेच दिसते. पाहुणा म्हणून आला आणि घरमालक झाला, असा प्रकार.

एरवी गुरे तिला तोंड लावीत नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी, चारा संपला की लावतात. तिचे विष यकृतावर चालते. यकृत बिघडले की पित्ताचा मार्ग तुंबतो. हिरव्या चाऱ्यातून तयार होणारे एक द्रव्य एरवी पित्तावाटे बाहेर जाते; ते आता रक्तात राहून कातडीत साठते. अशा जनावरावर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते. नाकपुडी, कान, ओठ, कास, अंगावरचे पांढरे पट्टे, जेथे केस विरळ किंवा कातडी फिकट तेथे ती आधी लाल होते, मग तडकते आणि सोलून निघते. डोळे व लघवी पिवळी होते. शेण कोरडे, कडक पडते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. या विषाने पोटाची हालचालच थांबते, रवंथ बंद पडते. त्यामुळे खाल्लेला पाला पोटात तसाच राहतो आणि त्यातून रोज थोडे थोडे विष रक्तात जात राहते. 'कालच खाल्ले होते, आज नाही खाल्ले, मग आज का बिघडले?' याचे उत्तर हे आहे.

अशा जनावराला सर्वांत आधी सावलीत, शक्य तर अंधाऱ्या गोठ्यात बांधा. कातडी सोलली आहे म्हणून नुसती हळद-तेल लावत बसू नका. रोग कातडीचा नाही, आतला आहे. हिमाचल प्रदेशात पालमपूर येथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या केंद्रात या विषबाधेवर पुष्कळ काम झाले आहे. वेळेवर डॉक्टर आले तर जनावर वाचू शकते, मात्र बरे व्हायला आठवडे लागतात.

तोडायची असेल तर घाणेरी फुलाफळांवर येण्याआधी मुळासकट खणून काढावी. नुसती वरून छाटली तर दुपटीने वाढते. पिकलेली काळी फळे पाखरे खातात, मुलेही खातात. हिरवी फळे मात्र मुलांना खाऊ देऊ नयेत.

एरंड, मोगली एरंड आणि पेंडीचे पोते

मोगली एरंडाला आपल्याकडे पुष्कळजण गुजराती नावाने, रतनज्योत म्हणून ओळखतात. हाही अमेरिकेचाच, पोर्तुगीज दर्यावर्दींनी त्याला समुद्रापार नेले, असे मानतात. आपल्या दादरा-नगर हवेलीत १९५४ पर्यंत त्यांचाच अंमल होता, तेव्हा हा पाहुणा इथे परका वाटू नये. २००३ च्या सुमारास त्याच्या बियांपासून इंधन काढण्याची मोठी हवा झाली आणि ठिकठिकाणी लागवडी झाल्या. इंधनाचे जे व्हायचे ते झाले, झाडे मात्र राहिली. त्याची बी शेंगदाण्यासारखी चवदार लागते, आणि तोच धोका. शाळेच्या कुंपणातल्या बिया खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या आपल्या देशात वारंवार येतात. त्याची पेंड कोणत्याही जनावराला घालू नये.

साध्या एरंडाची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण त्याची पेंड आपण स्वतः विकत आणतो. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते आणि भारतात सर्वांत जास्त गुजरातेत. त्यामुळे दिवेली खोळ, म्हणजे एरंडीची पेंड, वापी-वलसाडच्या बाजारात सहज मिळते. आंबा-चिकूच्या झाडांना, भाजीच्या वाफ्यांना ती उत्तम खत आहे. पण एरंडीच्या बीतले विष तेलात उतरत नाही, ते चोथ्यातच राहते. चांगली उष्णता दिली तर ते नष्ट होते, पण खतासाठी विकल्या जाणाऱ्या पेंडीला ती मिळालेली असेलच, असा भरवसा धरता येत नाही.

कुत्र्याला या पेंडीचा वास फार आवडतो. तीत हाडांचा चुरा मिसळला असेल तर विचारायलाच नको. झाडाच्या बुंध्याशी टाकलेली पेंड तो रात्री उकरून खातो. लगेच काही होत नाही. सहा-आठ तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, रक्ताचे जुलाब आणि गळाठा सुरू होतो. तोवर पेंडीची आठवण कुणालाच राहिलेली नसते. या विषावर उतारा नाही. सलाईन व इतर उपचारांनी जीव धरून ठेवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

म्हणून पेंड घालताना बुंध्याभोवती चर खणून त्यात घालावी, वर वीतभर माती ओढावी आणि पाणी द्यावे. चार-पाच दिवस कुत्रा बांधून ठेवावा, कोंबड्या त्या बाजूला सोडू नयेत. पोते जमिनीपासून उंच, तोंड बांधून ठेवावे. आणि रिकामे झालेले पोते? आपल्या घरात कुठलेही पोते वाया जात नाही, ही चांगलीच सवय आहे. परंतु या पोत्यात पुन्हा कोंडा, भुसा किंवा भरड भरू नका. त्यात माती भरा, नाहीतर टाकून द्या.

गुंज

गुंजेचा वेल रानातल्या झुडपांवर चढतो. शेंग तडकली की लाल-काळे टपोरे दाणे दिसतात. गुजरातीत याला चणोठी म्हणतात. सोनाराचे हे जुने वजन: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. या दाण्याच्या आतील विष एरंडीच्या विषाचेच भावंड, पण त्याहून जहाल. दाणा अखंड गिळला तर कठीण कवचामुळे बहुधा तसाच बाहेर पडतो. चावला किंवा फुटला तर मात्र कठीण. नीट चावलेली एक गुंजही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या वाचकांना हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, कित्येक देशांत या दाण्यांच्या जपमाळा करीत असत. वनस्पतिशास्त्रात या वेलाला जे लॅटिन नाव आहे, त्यातील 'प्रेकातोरियुस' हा शब्द प्रार्थनेवरूनच आलेला आहे. घरात जुनी, गुंजांची जपमाळ किंवा दागिना असेल तर तो मुलांच्या आणि कुत्र्याच्या पिल्लांच्या आवाक्याबाहेर ठेवावा. ओवण्यासाठी दाण्याला भोक पाडलेले असते, म्हणजे कवच आधीच फुटलेले असते. त्यामुळे असा मणी गिळणेही सुरक्षित नाही.

पावसाळ्यातल्या दोन गोष्टी

पहिल्या पावसाबरोबर कुंपणातून कळलावी वर येते. काही ठिकाणी तिला खड्यानाग म्हणतात. पानाचे टोक वेटोळे होऊन आधार धरते, आणि श्रावणाच्या सुमारास ज्वाळेसारखी पिवळी-तांबडी फुले लागतात. फार देखणे झाड. तमिळनाडूने त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. विष सर्वांगात आहे, पण अधिक जमिनीखालच्या गड्ड्यात आणि बीत. गड्डा नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो. नांगरताना, वाफे खणताना तो वर येतो आणि बांधावर फेकला जातो. तेथे तो डुकरे, कुत्री, शेळ्या यांच्या तोंडी लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात रानातले कंद खणून आणण्याची रीत आहे, आणि कडू कंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा करण्याची विद्या आपल्या वारली-कोकणा मायबहिणींना पिढ्यान् पिढ्या अवगत आहे. पण कळलावीचे विष उकडल्याने किंवा धुतल्याने जाईल, असे कुणीही समजू नये. लहान मुलांनी खणून आणलेला कंद जाणत्या बाईने पाहिल्याशिवाय चुलीवर चढवू नये.

दुसरी गोष्ट बेशरमाची. कालव्याच्या काठाने, तळ्याच्या पाणथळीत जांभळट फुलांची ही झुडपे माजलेली असतात. बकरीने चार पाने खाल्ली म्हणून काही होत नाही. मात्र रोज खाऊ लागली की तिला त्याची चटक लागते, चांगले गवत सोडून ती तिकडेच धावते. काही आठवड्यांनी ती रोडावते, मान हलवते, मागच्या पायांनी लटपटते. हे मज्जातंतूंचे दुखणे आहे. लवकर ध्यानात आले तर पाला बंद करून सुधारते. उशीर झाला तर नाही. लटपटणारी बकरी दिसली की ती कुठे चरते, हे आधी जाऊन पाहावे.

शहरातली घरे

सिल्वासा शहर आता वाढले आहे. आमली, पिपरियाच्या कारखान्यांत कामाला जाणारी आपली मुले खोल्यांतून राहतात, गॅलरीत कुंड्या ठेवतात, कुत्रे-मांजर पाळतात. त्यांच्यासाठी थोडे.

ठिपक्यांच्या मोठ्या पानांची डिफेनबेकिया, रंगीत पानांचा शोभेचा अळू, मनी प्लांट, या सर्वांत अळूसारखीच खाज असते. खाजऱ्या अळूचे फदफदे चिंच न घालता खाल्ले तर घशाचे काय होते, हे कुणाला सांगायला नको. पानातले सुईसारखे स्फटिक जिभेत रुततात. पिल्लाने असे पान चावले तर तोंड पाण्याने धुवा, थंड पाणी प्यायला द्या. सूज वाढून श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर डॉक्टर गाठा. जिवाला धोका क्वचितच.

सायकसचे मात्र तसे नाही. पामसारखे दिसणारे, ताठ पानांचे हे झाड बंगल्यांसमोर असते आणि त्याची पाने पुष्पचक्रांत वापरतात. त्याच्या बिया सर्वांत वाईट. कुत्र्याचे यकृत निकामी करतात. घरी कुत्रे असेल तर सायकस लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांजर असेल तर बाजारातून आणलेल्या गुच्छातील मोठ्या, सुवासिक लिलीच्या फुलांपासून सांभाळा. ईस्टरला, लग्नकार्यात ती हल्ली येऊ लागली आहेत. अंगावर पडलेले पराग चाटूनही मांजराची मूत्रपिंडे बंद पडतात. फुलदाणीतले पाणीसुद्धा नको. याउलट नाताळात मिळणाऱ्या तांबड्या पानांच्या पॉइन्सेटियाला लोक फार भितात. त्याने बहुधा लाळ गळणे आणि एखादी उलटी, यापलीकडे जात नाही. जास्वंद, झेंडू, गुलाब, अबोली बिनधास्त लावा. बकरीने खाल्लीच तर नुकसान फुलांचे.

कापताना आणि टाकताना

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. शेर आणि रुई कापताना डोळ्यांना चष्मा असावा. चीक डोळ्यात उडाला तर दृष्टीला इजा होते. उडालाच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटे सतत धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. काम संपल्यावर कोयता, हात, कपडे धुऊनच गाईचे दूध काढायला बसावे.

छाटणीच्या दिवशी जनावरे दुसरीकडे बांधावीत. कण्हेर, घाणेरी, मोगली एरंड यांचा पाला चाऱ्याच्या गवतापासून वेगळा ठेवावा. एकाच भाऱ्यात बांधून आणू नये. दोन-तीन फूट खड्डा खणून त्यात टाकावा, वर शेण-माती घालून झाकावा आणि सबंध एक पावसाळा तसाच राहू द्यावा. शेजाऱ्याने 'घ्या, तुमच्या बकऱ्यांना होईल' म्हणून पाला दिला तर तोंडावर नाही म्हणणे जड जाते, हे मान्य. घ्यावा, आणि खड्ड्यात टाकावा.

गिरीपुष्पाचे उदाहरण गमतीचे आहे. त्याला उंदीरमारी असेही नाव आहे, आणि उंदरांना मारण्यासाठी त्याचा उपयोग करतात. तेच पान बकरी आणि गाय खुशाल खातात, घोड्याला मात्र ते बाधते. तेव्हा 'आमची बकरी खाते, मग कुत्र्याला काय होणार?' हा युक्तिवाद चालत नाही. सुबाभूळही चांगला चारा आहे, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घालू नये, नाहीतर केस झडतात.

खाल्लेच तर

उरलेला पाला ताबडतोब काढून घ्या आणि बाकीची जनावरेही तेथून हलवा. खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत जपून ठेवा. किती वाजता, साधारण किती खाल्ले, हे आठवून ठेवा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. गुजरात आणि महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. आपल्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. रात्री अंधारात तो शोधत बसावे लागू नये.

तेल, तूप, ताक, मिठाचे पाणी नळीने किंवा बाटलीने जबरदस्तीने पाजू नका. अशक्त जनावराच्या घशातून ते फुप्फुसात जाते आणि विषाने नाही तरी त्याने जनावर मरते. कुत्र्याला उलटी करवायची की नाही, हे डॉक्टर सांगतील. कण्हेर खाल्लेल्या जनावराला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका; हृदय आधीच थकलेले असते. डॉक्टरांना घरी आणा, नाहीतर टेम्पोतून न्या. खाली बसलेल्या गाईला कुशीवर पडू देऊ नका, पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसती ठेवा. डॉक्टर कोळशाची पूड पाजायला देतात. ती औषधी कोळशाची, वजनाप्रमाणे मोजून. चुलीतला कोळसा कुटून तो गुण येत नाही. वेळ फार गेला नसेल आणि जनावर मोलाचे असेल तर पोट उघडून पाला काढण्याची शस्त्रक्रियाही करतात.

मुलाने बी किंवा पान खाल्ले असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. बी सोबत घेऊन सरळ सिल्वासाच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जावे.

जनावर दगावले तर शवविच्छेदन करून घ्यावे. पोटातल्या पानांच्या तुकड्यांवरून कारण कळते, आणि विमा असेल तर तो कागद लागतो. मांस खाऊ नये, कुत्र्यांना टाकू नये; खोल खड्ड्यात पुरावे. वाचलेल्या गाईचे दूध डॉक्टर सांगेपर्यंत घरात घेऊ नये, डेअरीत घालू नये, कारण कण्हेरीचे विष दुधात उतरते. तिचे वासरू पीत असेल तर तेही तोडून दुसऱ्या गाईच्या दुधावर ठेवावे.